मागच्या भिंतीतलं दार

होसियत-ओपा, म्हणजे आमची होसियतताई, कुणाच्या घरी गेली तर पुढच्या फाटकातून कधी जायची नाही. चिनारतेपाच्या आमच्या गल्लीत घरांच्या मागच्या भिंतीत एकेक बुटकं दार असतं, या अंगणातून त्या अंगणात उघडणारं. मीठ संपलं, पोर रडलं, नवऱ्याशी वाजलं की बाया त्याच दारानं ये-जा करतात. पुढचं फाटक पाहुण्यांचं आणि मयताचं. होसियतचा सगळा धंदा मागच्या दाराचा होता.

धंदा म्हणजे दस्तरखान मांडायचा. त्यात काय मोठंसं, कापड पसरायचं आणि ताटल्या ठेवायच्या, असं ज्यांना वाटतं त्यांच्या मुलींची ठरलेली लग्नं मोडलेली आम्ही पाहिली आहेत. मागणी घालायला माणसं येणार, नाहीतर विहीणबाई पहिल्यांदा घर बघायला येणार, की आदल्या दिवशी होसियतला निरोप जायचा. ती यायची, खोलीभर नजर फिरवायची आणि म्हणायची, "हं." त्या एका "हं"मध्ये घराचं सगळं दारिद्र्य मोजून झालेलं असायचं. मग एकीचा गालिचा, दुसरीच्या मखमली दुलया, तिसरीची भांडी असं सगळं मागच्या दारांनी चालत यायचं. गल्लीला पत्ता लागायचा नाही. मनुकांच्या वाडग्यात खाली पालथी वाटी आणि वर मनुकांचा डोंगर. सफरचंदाची डागाळलेली बाजू खाली. नान मात्र ताजे, खरे आणि पोटभर. नानमध्ये लबाडी करायची नाही, हा तिचा एक नियम.

दुसरा नियम असा, की कुणाची ताटली कुणाच्या दस्तरखानावर होती हे तिसऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही. ऐन वेळी काही कमी पडलं आणि पाहुण्यांच्या देखत आणावं लागलं, तर आणणारीनं काय म्हणायचं तेही होसियतनं पढवून ठेवलं होतं. "ओपा, तुमचं घेऊन गेले होते ते परत आणलं." एवढंच. म्हणजे घरच्या बाईची मान वर ती वरच. आमच्या सगळ्या घरांत भांडी एकाच दुकानातली असायची, म्हणून प्रत्येकीच्या ताटलीखाली नखं रंगवायच्या रंगाचा एकेक ठिपका होसियतनंच लावून दिला होता. राहतोयचा हिरवा, इनोबतचा लाल. तीस वर्षांत एक ताटली चुकीच्या घरी गेली नाही आणि एक शब्द बाहेर गेला नाही.

राहतोयच्या थोरलीला बघायला माणसं आली तेव्हा त्या घरात धड एक दुलई नव्हती. होसियतनं अशी काही मांडामांड केली, की मुलाची आत्या जाताना म्हणाली, "भरल्या घरातली पोर आहे हो." लग्न झालं. राहतोय होसियतचे दोन्ही हात धरून रडली. "ओपा, माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी हे फिटायचं नाही." होसियत म्हणाली, "कातडं राहू दे तुझ्यापाशी. वाडगे सहा नेले होतेस, पाचच आलेत."

आणि जिनं साऱ्या गल्लीची घरं भरलेली दाखवली, तिला स्वतःचं घर नव्हतं.

आमच्याकडे बापाचं घर धाकट्याचं. थोरल्यांनी लग्नं झाली की आपापलं बघायचं. होसियतचा नवरा थोरला. त्यानं विटा आणून टाकल्या, पाया खणायचा तेवढा राहिला, आणि एका दुपारी विटांवर बसल्या जागी त्याची मान कलली. धाकटा दीर तुर्सुनअली तेव्हा म्हणाला, "वहिनी, कुठे जाता पोराला घेऊन, राहा इथेच." फाटकाजवळच्या दोन खोल्या दिल्या. त्याला बावीस वर्षं झाली. पोरगा मुरोदिल मोठा झाला, बस डेपोत बसगाड्या दुरुस्त करू लागला, त्याची बायको मावलुदा आली, तीन पोरं झाली. दोन खोल्यांत सहा माणसं. आता तुर्सुनअलीच्या मुलाचं लग्न शरदात ठरलं होतं, आणि नव्या सुनेला खोल्या लागणार होत्या. वसंतात एकदा तुर्सुनअलीची बायको सलोमत येऊन बसली. हवापाण्याचं बोलली, मग छताकडे बघून म्हणाली, "जाऊबाई, या खोलीला पांढरा रंग काय छान दिसेल, नाही?" होसियतला कळायचं ते कळलं. यात सलोमतचा तरी काय दोष. रीत आहे.

त्याच वसंतात प्रांत सरकारची घरासाठी सबसिडी निघाली. गावाबाहेर पाच मजली इमारती उभ्या राहत होत्या. ज्यांचं उत्पन्न कमी किंवा बेताचं, आणि स्वतःचं घर नाही, त्यांच्यासाठी किमतीचा पहिला मोठा हिस्सा प्रांत भरणार, बँकेच्या व्याजातलंही काही प्रांत उचलणार. राहिलेला हप्ता मुरोदिलच्या पगारात बसत होता. कागद झाले. आता मुख्य राहिली पाहणी. प्रांताची माणसं घरी येऊन परिस्थिती बघणार आणि गुण देणार. मोहल्ल्यातून पहिला अर्ज होसियतच्या घरचा. तिचं बघून मग सगळ्यांनीच भरले. राहतोयनं धाकट्या मुलासाठी, इनोबतनं स्वतःसाठी. इनोबतला तीन मुली, आणि राहायला सासऱ्याच्या अंगणातली पडवी.

मुरोदिल आईला चांगला ओळखून होता.

"ओयी, एक ध्यानात ठेवा. ते येतील ते पाहुणे नाहीत."

"घरात पाऊल टाकलेला माणूस पाहुणा नाही तर कोण?"

"तपासणीस. गरिबी बघायला येणार आहेत ते. कोरा चहा आणि दोन नान. त्याच्यावर एक मनुका दिसता कामा नये."

"माझी आजी जीव न्यायला आलेल्या अझ्राईललासुद्धा चहाबरोबर मुरंबा विचारणारी होती."

"म्हणूनच लवकर गेली ती. नानवर हात ठेवा, ओयी. शपथ घ्या."

होसियतनं नानवर हात ठेवला. आमच्यात याच्यापुढे शपथ नाही.

आणि तिनं मनापासून केलं बरं का. भिंतीवरचं भरतकाम काढलं. लग्नातला गालिचा गुंडाळून सलोमतच्या कोठीत टाकला. सलोमत हौसेनं म्हणाली, "द्या, द्या जाऊबाई, हळूहळू रिकामं होत आलेलं बरंच." पेटीवरच्या दुलयांची चळत उतरवली, पातळ तेवढ्या ठेवल्या. भिंतीला ओल आली होती, तिच्यासमोरचं कपाट सरकवून ती ओल दिसेलशी केली. तीस वर्षं भरलेपण मांडलं, तसंच आता रितेपण मांडलं, आणि तेही नेटकं मांडलं. एकच गोष्ट चुकली. शेजारणींना तिनं काही सांगितलं नाही. माझ्या दारी पाहुणे येतील आणि मी त्यांच्यापुढे कोरडा दस्तरखान टाकीन, हे त्या तोंडानं कुणाला सांगायचं? लाज वाटली तिला. त्या लाजेनंच घात केला.

गुरुवारी दुपारी मोटार फाटकाशी थांबली. तिघं उतरले. प्रांताच्या कचेरीतली एक तरुण बाई, हातात टॅबलेट, नाव शाहिस्ता. बँकेचा एक पोटाळ माणूस. आणि आपल्या मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे वडीलधारे प्रमुख, कोबिल-आका, मोहल्ल्यातर्फे. होसियतनं त्यांना पातळ दुलयांवर बसवलं, दोन नान मोडून ठेवले, चहा ओतला. पियाला अर्धाच भरला. आमच्याकडे पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हापुन्हा भरता येतो, माणूस बसतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि उठा.

बँकवाल्यानं नानचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "ओपा, माझ्या मेव्हण्याच्या लग्नात दस्तरखान तुमचाच होता ना? काय मांडला होतात! तेव्हा मी तीन वेळा उठायचं ठरवलं आणि तीन वेळा परत बसलो. आणि इथे हे? कुंभार फुटक्या मडक्यातून पाणी पितो म्हणतात ते खोटं नाही."

कोबिल-आकांचा चेहरा पडला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "होसियत, निदान साखर तरी... मोहल्ल्याला नावं ठेवतील."

"आहे ते हे आहे, आका," होसियत म्हणाली. हाताच्या मुठी तिनं ओढणीखाली घट्ट आवळल्या होत्या.

शाहिस्तानं माणसं विचारली, खोल्या मोजल्या, ओलीवर बोट फिरवून पाहिलं. "सहा जण इथेच झोपता?" असं विचारताना तिचा आवाज मऊ झाला. होसियतला अंदाज होता माणसांचा. जमतंय, तिला दिसलं. पाच मिनिटं. आणखी पाच मिनिटं अशीच गेली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

झालं असं, की राहतोय सहज मागच्या दारानं डोकावली होती. उघड्या खिडकीतून तिला दिसलं ते असं: साहेबलोक बसलेत आणि पुढ्यात कोरडा नान. होसियत-ओपाच्या घरी! ती तशीच धावत सुटली. दहा मिनिटांत मागच्या चार अंगणांत बातमी झाली, की ओपावर वेळ आलीय आणि बिचारीनं कुणाला हाक मारली नाही.

पहिली आली राहतोय. तंदुरातून नुकतेच काढलेले मांस भरलेले सामसे, वर फडकं. तिच्यामागे इनोबत, डोक्यावर मोठी परात. तिच्या नवऱ्यानं रशियातून पहिल्या कमाईत आणलेली सोनेरी काठाची चोवीस माणसांची भांडी, जी तिनं स्वतःच्या घरी कधी वापरली नव्हती. मागे आणखी दोघी, एकीकडे पुलावाची कढई, दुसरीकडे मखमली दुलया.

मावलुदा सासूची बाही ओढत राहिली. "ओयी, नको. ओयी, हात जोडते."

आणि इनोबत उंबऱ्यात उभी राहून, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "ओपा, तुमचं घेऊन गेले होते ते परत आणलं."

आता काय करायचं होतं होसियतनं? परत ने म्हणायचं? दारात आलेलं अन्न परतवायचं, आणि ज्या बाईला इतकी वर्षं झाकली तिला चारचौघांत उघडी पाडायची? तुम्ही केलं असतंत तर तुम्ही आमच्यातले नाही. तिनं परात घेतली.

एकदा घेतल्यावर मग हात ऐकेनात. पुलाव मधोमध, सामसे त्याच्या उजव्या अंगाला, सोनेरी काठाचे वाडगे खिडकीच्या उजेडात येतील असे. पाहुण्यांच्या मागे मखमली दुलया. कुठे काय हवं ते हातांना ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जे केलं ते ती पहिल्यांदा स्वतःच्या घरी करत होती, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात तिला घर, सबसिडी, शपथ काही आठवलं नाही. ती सुखात होती. बँकवाला म्हणाला, "आत्ता कशी ओपा दिसली!" शाहिस्ता आधी नको नको म्हणाली, मग दुसऱ्यांदा पुलाव घेतला. शेवटी कोबिल-आकांनी हात उचलून दुवा मागितली, "या घरात बरकत राहो." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मग शाहिस्तानं टॅबलेट जवळ ओढला आणि लिहायला सुरुवात केली.

यादी मोहल्ला कचेरीच्या दारावर लागली. होसियतच्या घरचं नाव नव्हतं.

ती प्रांताच्या गावी बसनं गेली. दीड तास बाकड्यावर बसली. शाहिस्तानं तिला ओळखलं, उठून उभी राहिली, खुर्ची दिली, आणि पडदा तिच्याकडे वळवला. "पाहणीचे चाळीसपैकी सहा गुण, ओपा. उत्पन्न कमी दाखवलंय, राहणीमान चांगलं. चोवीस माणसांची सोनेरी काठाची भांडी, मखमली दुलया, अचानक आलेल्या पाहुण्यांना पुलाव. मागच्या वेळी एकानं सहा गालिचे लपवून घर घेतलं आणि आमच्या साहेबांची नोकरी गेली. मला दिसलं ते मी लिहिलं."

"ती भांडी माझी नव्हती, पोरी."

"मग कुणाची?"

होसियतच्या तोंडाला तीस वर्षांचं कुलूप होतं. पण घरी तीन पोरं आडवीतिडवी झोपत होती. ती म्हणाली, "शेजारणींची." आणि बोलून झाल्यावर तिला असं वाटलं, की भर रस्त्यात डोक्यावरून ओढणी पडली.

शाहिस्ता वाईट नव्हती. तीच तर पंचाईत आहे या गोष्टीत, वाईट कुणी सापडत नाही. ती म्हणाली, "मी तुमच्या घरी जेवले आहे, ओपा. खाल्लेल्या अन्नाला जागायचं मला कळतं. पण त्या बाई माझ्यासमोर म्हणाल्या, तुमचं परत आणलं. ज्यांची भांडी असतील त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणा. दहा दिवसांत आणा, मी फेरपाहणी लावते."

होसियत एक ताटली घेऊन आधी राहतोयकडे गेली. मागच्याच दारानं. सामसे आले होते त्यातली ती ताटली. तिनं ती पालथी केली.

"हा हिरवा ठिपका तुझा ना?"

राहतोयनं पाहिलंही नाही. "हिरवा ठिपका काय, कुणीही लावेल, ओपा."

"मी लावला होता. तुझ्या थोरलीच्या वेळी."

मग राहतोय म्हणाली, "ओपा, धाकट्याचा अर्ज आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार. शेजारणीच्या घरी भांडी आणि खाणं पाठवण्याइतकं आमच्याकडे आहे, असं मीच सही करून दिलं तर पुढे मी काय सांगू? तुमच्यावरून बघितलं ना आम्ही, काय होतं ते." तिनं डोळे पुसले, चहादाणी उचलली आणि होसियतचा पियाला भरला. काठोकाठ भरला. चहा बशीत सांडला.

मुद्दाम भरला की भरल्या डोळ्यांना दिसलं नाही, अल्ला जाणे. होसियतनं पियाल्याकडे पाहिलं आणि ती उठली.

इनोबतनं तर हसण्यावारी नेलं. "आमच्याकडे कुठली बाई सोनेरी काठाची भांडी! तुमचीच नाही का ती, ओपा? परतच तर आणली होती मी." हसताना तिची नजर मात्र अंगणातल्या तिघी मुलींवर होती. बाकीच्या दोघी घरी नव्हत्या. त्यांच्या चपला दाराशी होत्या.

दहा दिवस गेले. आणि गंमत बघा, भांडी न्यायला कुणी आलंच नाही. ती सोनेरी काठाच्या भांड्यांची परात होसियतच्या कोपऱ्यात पडून राहिली. उलट एका संध्याकाळी इनोबत मागच्या दारानं आली ती काखेत गुंडाळलेला गालिचा घेऊनच. "ओपा, पाहणीवाले येऊन जाईपर्यंत ठेवाल? तुम्हाला आता काय फरक पडतो? तुमचं तर होऊन गेलं." होसियतनं गालिचा ठेवून घेतला. मुरोदिलनं ते पाहिलं. तो आईला टाकून बोलला नाही कधी. फक्त एकदा जेवताना, नान मोडता मोडता म्हणाला, "याच्यावर हात ठेवला होतात, ओयी." त्या दिवशी होसियत जेवली नाही.

शरदात मुरोदिलनं डेपोमागे एक खोली भाड्यानं घेतली. टायरच्या दुकानावरची. एकच खोली, सहा माणसं. ज्या दिवशी गाडीत सामान चढत होतं त्याच दिवशी इनोबतकडे पाहणी होती. तिघं मोटारीतून उतरले, पायी चालत आले. गल्लीच्या मधोमध होसियतचा संसार गाडीवर, आणि सगळ्यांत वर ती परात, फडक्यातून सोनेरी काठ दिसणारी.

शाहिस्ता थांबली. तिनं होसियतकडे पाहिलं, गाडीवरच्या पोरांकडे पाहिलं. पुढे झाली, एक ताटली काढली, पालथी केली. लाल ठिपका.

"ओपा, ही तीच ना? तुमचं प्रकरण मी अजून बंद केलेलं नाही. कागद राहू दे. तोंडी सांगा, कोबिल-आका साक्षीला आहेत. ही भांडी कुणाची?"

इनोबत आपल्या फाटकात उभी होती, तिघी मुली तिच्या मागे. गाडीवर मुरोदिल दोर आवळता आवळता थांबला होता आणि आईकडे बघत होता. असं त्यानं लहानपणी बाप गेला त्या दुपारी पाहिलं होतं.

एक नाव घ्यायचं होतं. चार अक्षरं.

होसियतनं शाहिस्ताच्या हातातली ताटली घेतली, ओढणीच्या टोकानं पुसली, परत परातीत ठेवली.

"माझीच आहेत," ती म्हणाली. "हरवू नयेत म्हणून ठिपका लावते मी."

मुरोदिलनं तोंड फिरवलं आणि दोर इतका ओढला की गाडीची फळी करकरली. आमच्या गल्लीत अजून वाद होतो, बरोबर केलं की चूक. बाया म्हणतात, ओपा मोठ्या मनाची. मला विचाराल तर ती चुकली. तीन नातवंडांचं छप्पर तिनं एका ताटलीखालच्या ठिपक्यावरून ओवाळून टाकलं. पण दुसरं काही ती करू शकली असती असंही मला वाटत नाही, आणि याचाच राग येतो.

इनोबतला घर मिळालं. राहतोयच्या धाकट्यालाही मिळालं.

हिवाळ्यात इनोबतनं नव्या घरात पहिलं जेवण ठेवलं. चौथ्या मजल्यावर. थोरलीला बघायला माणसं येणार होती, तोही मुहूर्त साधला. होसियतला निरोप गेला: "ओपा, दस्तरखान तुमच्याच हातचा हवा. आणि येताना भांडी घेऊन या."

होसियत गेली. परात डोक्यावर घेऊन, बर्फातून, डेपोपासून चालत. इमारतीला एक फेरी मारली. सवय. मागे भिंत होती, सरळ, पाच मजले वर गेलेली, आणि तिच्यात दार नव्हतं. मग ती पुढून शिरली, चार जिने चढली, आणि दार उघडं होतं त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. उशीर झाला होता, पाहुणे आधीच येऊन बसले होते. कोबिल-आका होते, मुलाकडच्या बाया होत्या, राहतोय होती. सगळ्यांनी वर पाहिलं.

इनोबत लगबगीनं उठली, परातीला हात लावायला पुढे आली. होसियतनं परात खाली उतरवली. श्वास जागेवर येऊ दिला. मग पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इनोबत, तुझं घेऊन गेले होते ते परत आणलं."

मुलाकडच्या बायांनी कौतुकानं माना हलवल्या. राहतोयनं नजर दस्तरखानात घातली. तीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

होसियतनं ओढणी सारखी केली, बाह्या वर सारल्या, आणि वाडगे मांडायला बसली.